वॉल्व्हचा हुकूम खरा कशावरून : टेस्ट व्हेक्टरच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२५, जळगाव

केळीच्या बागेसाठीच्या वॉल्व्ह कंट्रोलरचं हार्डवेअर आता बऱ्यापैकी बसलंय. यावल तालुक्यातल्या बागेत सबमेनवर, म्हणजे पाण्याच्या उपपाइपलाइनवर, चार वॉल्व्ह, विहिरीवर पंप स्टार्टर आणि शेतमालक काकांच्या गच्चीवर मुख्य युनिट. मधे लोरा या लांब पल्ल्याच्या पद्धतीचा रेडिओ, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. या पट्ट्याला आपल्याकडे लायसन्स लागत नाही म्हणून तो घेतला, आणि लायसन्स लागत नाही म्हणूनच स्वस्तातलं मोड्यूल घेऊन कोणीही त्यात बोलू शकतो. ‘वॉल्व्ह तीन उघड, चाळीस मिनिटं’ हा संदेश कोणी हवेतून पकडला आणि फर्टिगेशन, म्हणजे पाण्यातून खत देणं, चालू असताना परत सोडला, तर अख्ख्या बागेचं खत तिच्या एकाच भागात जाईल. थ्री फेज रात्रीची असली की बागेत बघायलाही कोणी नसतं.

उपाय ठरलेला आहे. प्रत्येक हुकमाला चढता क्रमांक आणि त्या सगळ्यावर एईएस-सीमॅकचा टॅग, म्हणजे गुप्त किल्ली आणि संदेश यांच्यावरून एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीने काढलेला शिक्का. किल्ली नसेल त्याला टॅग बनवता येत नाही, आणि क्रमांक जुना असेल तर वॉल्व्ह हलत नाही. कागदावर हे पक्कं आहे. प्रश्न बोर्डावर चालणाऱ्या कोडचा आहे. रेडिओ मोड्यूलसोबत पुरवठादाराकडून एईएस, सीमॅक आणि मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढणाऱ्या एसएचए-२५६ चा, सी भाषेतला कोड आलाय. त्यासोबतची चाचणी एकच: मजकूर एन्क्रिप्ट करा, डिक्रिप्ट करा, मूळ मजकूर परत आला की ‘पास’.

या ‘पास’वर मी वॉल्व्ह सोडणार नाही. एईएसमध्ये मूळ किल्लीपासून प्रत्येक फेरीची वेगळी किल्ली तयार होते. ती तयार करण्यातच चूक असेल तर त्याच चुकीच्या किल्ल्या जातानाही वापरल्या जातात आणि येतानाही. चूक चुकीला खाऊन टाकते आणि मजकूर सहीसलामत परत येतो. मधे जे बाहेर पडलं ते मात्र एईएस नसतंच. व्यापाऱ्याचा काटा त्याच्याच वजनांनी तपासल्यासारखं आहे हे. वजन बाहेरचं हवं.

टेस्ट व्हेक्टर हे ते बाहेरचं वजन. ठरावीक किल्ली, ठरावीक मजकूर, आणि दुसऱ्या कोणी काढून, तपासून, छापून ठेवलेलं उत्तर. आपल्या कोडने तेच उत्तर बिटन्‌बिट काढलं पाहिजे. जूनमध्ये मृग बागेची लागवड आहे, त्याच्या आत हे काम संपवायचं.

६ मार्च

व्हेक्टर कुठून घ्यायचे यावर दिवस गेला, आणि तो गेला ते बरं झालं.

पहिली जागा म्हणजे मूळ मानकच. एईएसचं फिप्स १९७ अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने नोव्हेंबर २००१ मध्ये काढलं. त्याच्या मूळ आवृत्तीच्या परिशिष्टात एक उदाहरण दहाही फेऱ्यांचं आहे, प्रत्येक पायरीनंतरच्या सोळा बाइटांसकट. उत्तर चुकलं तर नेमक्या कुठल्या फेरीत, कुठल्या पायरीला चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. नुसत्या शेवटच्या उत्तराने हे होत नाही.

त्या उदाहरणातले आकडे निरखून पाहण्यासारखे आहेत. मजकूर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायात, ३२, ४३ असा सुरू होतो. ते ‘पाय’चे सोळाच्या पायातले अंक आहेत, ३.२४३ वगैरे. किल्ली टू-बी-सेव्हन-ई अशी सुरू होते. ते नैसर्गिक लॉगरिदमचा पाया असलेल्या ‘ई’चे अंक. आकडे मुद्दाम सोयीचे निवडलेत अशी शंका कोणाला येऊ नये यासाठी असे सर्वांना ठाऊक असलेले स्थिरांक घेण्याची रीतच आहे. आमच्याकडे ती किल्ली आता ‘टू-बी-सेव्हन-ई’ याच नावाने ओळखली जाते, कारण ती पुढच्या कागदांतही पुन्हा पुन्हा भेटते.

दुसऱ्या परिशिष्टातलं उदाहरण दिसायला अगदी साधं: ००, ११, २२, ३३ अशी चढती ओळ. त्याचा उपयोग वेगळा. एईएसमध्ये सोळा बाइट चार बाय चारच्या चौकटीत उभ्या रांगांनी भरायचे असतात. कोणी आडव्या रांगांनी भरले तर पायच्या अंकांत डोळ्याला काही कळत नाही. इथे पहिल्या उभ्या रांगेत ००, ११, २२, ३३ च्या जागी ००, ४४, ८८ दिसलं की लगेच खटकतं.

सीमॅकसाठी आरएफसी ४४९३ हा इंटरनेटच्या तांत्रिक कागदांच्या मालिकेतला कागद, जून २००६ चा. त्यात चार उदाहरणं आहेत: रिकामा संदेश, १६ बाइट, ४० बाइट, ६४ बाइट. किल्ली अर्थात टू-बी-सेव्हन-ई. शिवाय निस्टचं एसपी ८००-३८बी. एसएचए-२५६ साठी फिप्स १८०-२, आणि पुढे एचमॅक (एसएचएवरून काढलेला टॅग) लागला तर आरएफसी ४२३१.

एक नियम आजच लिहून ठेवला: व्हेक्टर हाताने टाइप करायचे नाहीत. पीडीएफमधून उचलतानाही ओळ तुटते, पानाचा आकडा मधे शिरतो, एखादा बाइट गळतो. मग कोड बरोबर असून चाचणी नापास होते, आणि माणूस बरोबर कोड ‘दुरुस्त’ करायला बसतो. निस्टच्या पडताळणी कार्यक्रमाच्या, म्हणजे सीएव्हीपीच्या, साध्या मजकूर फायली मिळतात. त्या थेट वाचणारा प्रोग्राम लिहायचा.

१० मार्च

फायली वाचणारा प्रोग्राम माझ्या सहकारीने लिहिला. छोटा आहे, पण दोन ठिकाणी फाइलच चकवते.

एसएचएच्या फायलीत संदेशाची लांबी बिटांत असते, बाइटांत नव्हे. आणि रिकाम्या संदेशाच्या नोंदीत लांबी ० लिहून संदेशाच्या जागी ०० छापलेलं असतं. ते फक्त जागा भरायला आहे. लांबी न बघता ती ओळ वाचली तर एक शून्य बाइटचा संदेश म्हणून हिशोब होतो आणि उत्तर साहजिकच जुळत नाही. तिने आधी लांबी वाचली, मग तेवढेच बाइट उचलले.

तिने आणखी दोन गोष्टी केल्या, त्या सगळ्यांनी कराव्यात. प्रोग्राम शेवटी नुसतं ‘पास’ म्हणत नाही, किती व्हेक्टर खरोखर चालवले तो आकडा छापतो आणि फाइलमधल्या नोंदींच्या संख्येशी ताडतो. फाइल उघडलीच नाही तर नापास व्हेक्टरही शून्यच असतात, आणि शून्य नापास म्हणजे हिरवा दिवा. दुसरं, प्रत्येक फाइलची एक बिघडवलेली प्रत ठेवली, एका उत्तरातला एकच अंक बदललेली. तिच्यावर चाचणी नापास झालीच पाहिजे. ती पास झाली तर चाचणीच आंधळी.

एसएचए-२५६ कॉम्प्युटरवर पूर्ण पास. हा कोड फर्मवेअरची नवी प्रत तपासायला लागणार आहे. ‘एबीसी’ या तीन अक्षरांचं उदाहरण सगळीकडे दिसतं, पण त्याने फारसं कळत नाही. मानकातलं दुसरं उदाहरण ५६ बाइटांचं आहे आणि ते विचार करून निवडलंय. एसएचए-२५६ चा ब्लॉक ६४ बाइटांचा. संदेशामागे एक खुणेचा बाइट आणि आठ बाइट लांबी जोडावी लागते. ५५ बाइटांपर्यंत हे सगळं एका ब्लॉकमध्ये मावतं, ५६ ला दुसरा ब्लॉक उघडतो. तीन अक्षरांवर पास होणारा कोड इथे पडू शकतो. दहा लाख वेळा ‘ए’ हे तिसरं उदाहरण: एकूण ८० लाख बिट, म्हणजे लांबीचा मोजणारा १६ बिटांचा ठेवला असेल तर तो इथे उघडा पडतो.

१७ मार्च

धुळवडीनंतर एईएसला हात घातला. सीएव्हीपीच्या १२८ बिट किल्लीच्या ज्ञात-उत्तर फायली चार. एकीत किल्ली सगळी शून्य आणि मजकुरात डावीकडून एकेक बिट १ होत जातो, १२८ व्हेक्टर. दुसरीत मजकूर शून्य आणि किल्लीतला एकेक बिट वाढतो, तेही १२८. उरलेल्या दोन लहान, ७ आणि २१ व्हेक्टरांच्या, एस-बॉक्सला, म्हणजे एका बाइटच्या जागी दुसरा बाइट देणाऱ्या एईएसमधल्या तक्त्याला, सगळीकडून हात लावणाऱ्या. एस-बॉक्समधला २५६ पैकी एखादाच आकडा चुकलेला असेल तर एका उदाहरणात तो लागेलच असं नाही. एका एन्क्रिप्शनमध्ये तक्त्यातले सगळे २५६ आकडे वापरले जात नाहीत. म्हणून इतके व्हेक्टर.

कॉम्प्युटरवर चारही पास. बोर्डावर पहिल्या फाइलला बोर्ड मेला.

कारण दुपारी सापडलं. पुरवठादाराच्या कोडमध्ये बाइटांच्या पट्टीला थेट ३२ बिटांचे शब्द समजून वाचलंय. कॉम्प्युटरचा प्रोसेसर हे चालवून घेतो. आमच्या बोर्डावरचा कॉर्टेक्स-एम० प्रोसेसर चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून असा शब्द वाचत नाही, तो थेट फॉल्टमध्ये जातो. रेडिओ फ्रेममध्ये मजकूर कुठल्याही पत्त्यावर सुरू होऊ शकतो, म्हणजे बागेत हे कधीतरी झालंच असतं.

वाचण्याची पद्धत बदलली. आता प्रत्येक व्हेक्टर चार वेळा चालतो: मजकूर सरळ पत्त्यावर, मग एक, दोन आणि तीन बाइट पुढे सरकवून. आणि सगळं बोर्डावरच, शेवटी जाणाऱ्या कंपायलर सेटिंगसकट. कॉम्प्युटरवर पास झालेला व्हेक्टर कॉम्प्युटरबद्दल सांगतो.

माँटे कार्लो चाचणी रात्री लावून ठेवली. एकाचं उत्तर हाच पुढचा मजकूर, असं हजार वेळा, मग किल्ली बदलून पुन्हा, एकूण एक लाख एन्क्रिप्शन. आधीच्या एन्क्रिप्शनचं काही उरलंसुरलं मेमरीत राहून पुढच्याला बिघडवत असेल तर ते इथे दिसतं. सकाळी पास.

२१ मार्च

आजची नोंद लांब होणार आहे, कारण या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आज हाती लागली.

आरएफसी ४४९३ चे चारही व्हेक्टर बोर्डावर पास झाले. बहुतेक जण इथे थांबतात. पुरवठादाराच्या कोडवरच्या टिपणीतही लिहिलंय, ‘आरएफसीच्या उदाहरणांवर तपासलेलं’. आणि ते खरं आहे.

मग सीएव्हीपीची सीमॅकची फाइल लावली. साधारण निम्मे पास, निम्मे नापास. निम्मे! लांबीनुसार काही जुळेना. सोळाच्या पटीतल्या लांब्यांतही दोन्ही प्रकार, इतर लांब्यांतही. सहकारी म्हणाली, “भाऊ, लांबी सोडा, किल्ल्यांप्रमाणे वेगळं करू.” वेगळं केलं आणि चित्र लख्ख झालं. काही किल्ल्या पूर्ण पास, काही पूर्ण नापास.

सीमॅकमध्ये मूळ किल्लीने शून्यांचा ब्लॉक एन्क्रिप्ट करून एक संख्या काढतात, तिला एल म्हणतात. एल एक बिट डावीकडे सरकवला की पहिली उपकिल्ली, के-१. के-१ सरकवली की के-२. यात एक अट आहे: सरकवण्याआधी सर्वांत डावा बिट १ असेल तर सरकवल्यावर शेवटच्या बाइटला हेक्स ८७ ने एक्सॉर करायचं, म्हणजे ८७ मध्ये जिथे १ आहे ते बिट उलटवायचे. बिट ० असेल तर नुसतं सरकवायचं. शेवटचा ब्लॉक पूर्ण भरलेला असेल तर के-१ लागते, अपुरा असेल तर के-२.

आता आरएफसीची किल्ली घेऊन चालून पाहू. टू-बी-सेव्हन-ईने शून्य एन्क्रिप्ट केलं की एलचा पहिला बाइट ७डी येतो. बिटांत ०१११ ११०१, डावा बिट ०. म्हणजे के-१ नुसती सरकवून मिळते, ८७ लागतच नाही. के-१ चा पहिला बाइट एफबी, १११११०११, डावा बिट १. म्हणजे के-२ काढताना ८७ लागतं. आरएफसीमध्ये या मधल्या संख्या छापलेल्या आहेत, कोणीही ताडून पाहावं.

पुरवठादाराच्या कोडमध्ये हे सरकवणं एका फंक्शनमध्ये नाही. के-१ साठी एकदा लिहिलंय आणि के-२ साठी त्याचीच प्रत. के-२ ची प्रत बरोबर आहे. के-१ च्या ठिकाणी ८७ शेवटच्या बाइटला लावायच्या ऐवजी पहिल्या बाइटला लावलंय. आरएफसीचे चारही व्हेक्टर या ओळीवरून कधी जातच नाहीत, कारण चारहींची किल्ली एक आणि त्या किल्लीचा डावा बिट शून्य. चुकीची ओळ तिथे आहे, चाचणी शेजारून निघून जाते.

सहकारीने लगेच सगळी शून्यं असलेली किल्ली घालून पाहिली. पहिला बाइट ६६, म्हणजे ०११० ०११०. पुन्हा तोच रस्ता! एसपी ८००-३८बीमध्ये १९२ बिट किल्लीचं उदाहरण आहे, त्यात तर दोन्ही वेळा बिट शून्य, ८७ कुठेच लागत नाही. २५६ बिटांच्या उदाहरणात मात्र एल ई५ ने सुरू होतो, १११० ०१०१, आणि के-१ च्या वेळी ८७ लागतं. त्या एका उदाहरणाने हे पकडलं असतं, पण आमच्या बोर्डावर १२८ सोडून दुसरी लांबी बसवलेलीच नाही.

बागेत काय झालं असतं याचा विचार केला. मुख्य युनिट आणि वॉल्व्ह दोघांवर हाच कोड, त्यामुळे दोघांचे टॅग एकमेकांशी जुळलेच असते. वॉल्व्ह उघडले असते, बंद झाले असते, कोणाला काही कळलं नसतं. फक्त निम्म्या किल्ल्यांवर जे चाललं असतं ते सीमॅक नसतं, आणि सीमॅकच्या सुरक्षिततेची जी सिद्धता आहे ती त्याला लागू झाली नसती. पुढेमागे सर्व्हरवर दुसऱ्या लायब्ररीने टॅग तपासायला घेतले असते तेव्हा निम्म्या शेतांचे हुकूम नाकारले गेले असते आणि दोष रेडिओवर ढकलला गेला असता.

सरकवणं एका फंक्शनमध्ये आणलं, दोन्हीकडून तेच बोलावलं. फाइल पूर्ण पास. पुरवठादाराला ओळ क्रमांकासह कळवलं.

यापुढे कोडमधला प्रत्येक फाटा, म्हणजे जर-तरचा रस्ता, कुठल्या व्हेक्टरने तुडवला जातो हे शेजारी लिहायचं. ज्या फाट्यावरून एकही व्हेक्टर जात नाही त्याच्यासाठी शोधायचा किंवा बनवायचा. सीमॅकसाठी किल्ल्या चार प्रकारच्या हव्यात: दोन्हीकडे ८७ लागणारी, फक्त पहिल्याला, फक्त दुसऱ्याला, कुठेच नाही. चारही सीएव्हीपीच्या फाइलमधून वेगळ्या काढून ठेवल्या.

२ एप्रिल

पाडवा झाला, ऊन चढलं. दुपारी शेडमध्ये लॅपटॉपचा पंखा थांबत नाही, म्हणून काम सकाळी.

आतापर्यंतचे सगळे व्हेक्टर ‘हे घाल, हे बाहेर आलं पाहिजे’ या जातीचे. वॉल्व्हचं खरं काम उलटं आहे. त्याने खोटा हुकूम नाकारला पाहिजे. नाकारण्याची चाचणी बरोबर उत्तरांनी होत नाही, त्याला मुद्दाम बिघडवलेले व्हेक्टर लागतात.

यासाठी विचीप्रूफ हा संग्रह उत्तम. गूगलमधल्या लोकांनी तो डिसेंबर २०१६ मध्ये खुला केला. ऑस्ट्रेलियातल्या माउंट विचीप्रूफ या टेकडीएवढ्या डोंगरावरून नाव घेतलंय. चढता येण्याजोगं ध्येय समोर ठेवायचं, हा त्यामागचा विचार मला फार आवडला. जेसन फायली आहेत. प्रत्येक नोंदीत किल्ली, संदेश, टॅग आणि निकाल: ग्राह्य की अग्राह्य. सोबत एका ओळीत कारण. टॅगचा एखादा बिट उलटवलेला, पहिला बाइट बदललेला, शेवटचा बदललेला, सगळे बिट उलटे. बाइट पूर्ण न ताडणारी तुलना, किंवा काही बाइट वगळणारी तुलना यात अडकते.

टॅग ताडणारं फंक्शन या सगळ्यांतून पास झालं. तरी कोड वाचताना एक जागा दिसली: टॅग किती बाइट ताडायचा हा आकडा फंक्शन आलेल्या फ्रेममधून घेतं. विचीप्रूफच्या फायलीत टॅगची लांबी गटागटाने ठरलेली असते, त्यामुळे तिथे हे येत नाही. आम्ही स्वतःचे व्हेक्टर जोडले: लांबी ०, लांबी १, लांबी १७. लांबी ० ला फंक्शनने ‘खरा’ म्हणून सांगितलं. शून्य बाइट ताडले, एकही वेगळा निघाला नाही. म्हणजे किल्ली नसलेल्या माणसाने टॅगची लांबी शून्य लिहिली की वॉल्व्ह उघडा.

लांबी आता कोडमध्येच आठ बाइट अशी पक्की. फ्रेममध्ये लांबीचा रकानाच ठेवला नाही.

११ एप्रिल

लांब्या ओळीने चालवल्या: संदेश ० बाइटांपासून ३०० पर्यंत, एकेक वाढवत, बोर्डाचं उत्तर लॅपटॉपवरच्या उत्तराशी ताडत. छापील व्हेक्टर निवडक लांब्यांचे असतात, मधल्या जागा रिकाम्या राहतात. ही शंका उगाच नाही. २०१८ मध्ये निकी मौहा आणि सहकाऱ्यांनी एसएचए-३ च्या स्पर्धेत आलेले ८६ संदर्भ-कोड नव्या पद्धतीने तपासले, त्यातल्या ४१ मध्ये दोष निघाले. स्पर्धेत उतरलेल्या तज्ज्ञांनी स्वतः लिहिलेले कोड होते ते, आणि जगभरच्या लोकांनी बघितलेले. पुढे २०२२ मध्ये मौहांनीच खुद्द एसएचए-३ च्या संदर्भ-कोडात बफरचा दोष दाखवला. तो साधारण चार गिगाबाइटच्या मोठ्या मजकुरावरच उघड होतो, म्हणून अकरा वर्षं पायथन, पीएचपीसारख्या ठिकाणी पसरत राहिला.

ताडायला काय घ्यायचं यावर थोडी चर्चा. ओपनएसएसएल आणि पायथनची ‘क्रिप्टोग्राफी’ लायब्ररी, असे दोन साक्षीदार घ्यायचे ठरत होते. पण ती लायब्ररी आतून ओपनएसएसएललाच बोलावते, म्हणजे साक्षीदार एकच. पायथनच्याच पायक्रिप्टोडोम या दुसऱ्या लायब्ररीचा एईएस तिचा स्वतःचा आहे. म्हणून ओपनएसएसएल आणि पायक्रिप्टोडोम. दोन्ही बोर्डाशी जुळले.

५ मे

आखाजीला सहकारी माहेरी, अमळनेरला गेली होती. जाण्याआधी आम्ही एक गोष्ट ठरवली होती आणि ती तिने तिकडून केली.

निस्टचे आणि आरएफसीचे व्हेक्टर एईएस आणि सीमॅकपुरते. आमची फ्रेम आमची आहे: प्रकार, वॉल्व्ह क्रमांक, चढता क्रमांक, मिनिटं. तिच्यासाठी छापील उत्तर जगात कुठेच नाही. ते आपणच बनवायचं, पण ज्याने सी कोड लिहिला त्याने नव्हे, आणि सी कोड बघूनही नव्हे. फ्रेमच्या वर्णनाचं एक पान तिच्याकडे, कोड माझ्याकडे. तिने पायथनमध्ये फ्रेम बनवून टॅग काढायचा, मी बोर्डावर. दोघांनी आकडे एकाच वेळी पाठवायचे.

पहिल्या खेपेला एकही जुळला नाही. पानावर ‘क्रमांक, चार बाइट’ इतकंच होतं. तिने मोठा बाइट आधी ठेवला, बोर्ड लहान बाइट आधी ठेवतो. दोघंही वर्णनाला धरून. वर्णनात ‘लहान बाइट आधी’ हे शब्द घातले, तिने एक ओळ बदलली, सगळे जुळले. आता हे व्हेक्टर गोठवले. प्रत्येकात किल्ली, रकाने, जोडलेली फ्रेम, एल, के-१, के-२ आणि टॅग. मधल्या संख्याही ठेवल्या, आरएफसीसारख्या, म्हणजे पुढे कोणी दुसऱ्या बोर्डावर हे बसवेल तेव्हा कुठे बिनसलं ते त्याला शोधता येईल. क्रमांकांत एक, २५५, २५६, ६५,५३५, ६५,५३६ आणि चार बाइटांत मावणारा सर्वांत मोठा, असे सगळे उंबरठे घेतलेत.

येताना तिने पुरणपोळी आणली. शेडमध्ये सगळ्यांनी खाल्ली.

१६ मे, यावल तालुका

बागेत बोर्ड बसवले. पत्र्याच्या पेट्या दुपारी हात लावता येत नाही इतक्या तापतात. म्हणूनच बोर्ड चालू होताना एक छोटी चाचणी घातली आहे: एईएसचा एक व्हेक्टर, सीमॅकचे के-१ आणि के-२ या दोन्ही रस्त्यांवरून जाणारे दोन, आणि एक बिघडवलेला टॅग, जो नाकारलाच पाहिजे. क्रिप्टोच्या उपकरणांसाठीच्या फिप्स १४०-२ या मानकाच्या मान्यतेतही चालू होतानाची ज्ञात-उत्तर चाचणी सक्तीची होती. फ्लॅशमधला एखादा बिट बिघडला, व्होल्टेज खाली गेलं, तर तो बोर्ड हुकूम घेणार नाही.

काकांनी लगेच विचारलं, “आणि मशीन रुसलं तर बाग वाळू द्यायची का भाऊ?” प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात केळीला एक दिवस पाणी चुकलं तर पानं सांगतात. चाचणी नापास झाली तर वॉल्व्ह बंद, पेटीवर लाल दिवा, आणि वॉल्व्हला हाताने फिरवायचा खटका कायम. काकांनी खटका दोनदा फिरवून पाहिला, मग पेटी बसवू दिली.

थ्री फेज आल्यावर पंप चालू करून चारही वॉल्व्ह आलटूनपालटून उघडले. मग दुसऱ्या लोरा मोड्यूलवरून पकडलेला जुना हुकूम सोडला, टॅग बिघडवून सोडला, टॅगच न लावता सोडला. एकही वॉल्व्ह हलला नाही.

२२ मे, जळगाव

एक काम व्हेक्टरांच्या आवाक्याबाहेरचं होतं. टॅग ताडायला किती वेळ लागतो हे कुठल्याच व्हेक्टरमध्ये नसतं. पहिला बाइट चुकला की तुलना तिथेच सोडणारा कोड सगळे व्हेक्टर पास होतो, पण नकार किती लवकर येतो यावरून टॅग एकेक बाइटने हुडकून काढता येतो. तुलना आठही बाइटांवर न थांबता चालेल अशी लिहिली आहे. बोर्डाच्या एका पिनवर तुलनेच्या सुरुवातीला आणि शेवटाला खूण देऊन लॉजिक ॲनालायझरवर मोजलं: पहिला बाइट चुकीचा, चौथा चुकीचा, आठवा चुकीचा, सगळे बरोबर. चारहींचा पल्स एकाच रुंदीचा. कंपायलरने परत काही हुशारी केली नाही ना, हे मशीन कोड उघडूनही पाहिलं.

व्हेक्टरांच्या फायली, त्यांच्या बिघडवलेल्या प्रती आणि कुठला फाटा कुठल्या व्हेक्टरने तपासला त्याची यादी कोडसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवली. कंपायलर बदलला किंवा बोर्ड बदलला तर सगळं पुन्हा पहिल्या फाइलपासून. मृग बागेसाठी लागणारे बाकीचे बोर्ड सोमवारपासून भरायला घ्यायचे.